वीणा खाली ठेवायची नसते

बोट दूर समुद्रात, बारात उभी होती आणि माझी वळकटी तिच्याकडे नेणाऱ्या पडावात कधीच जाऊन पडली होती. दसरा होऊन चार दिवस झाले होते. पावसाळ्यात बंद पडलेल्या बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, म्हणून धक्क्यावर निम्मं गाव लोटलं होतं. गिरणीवाले मुंबईला परत निघालेले, त्यांच्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या, आया पोरांच्या हातावर दही घालताहेत, "पत्र टाक रे", "पोचलास की कळव रे" असा सगळा कालवा. माझी आई दही घेऊन आली नव्हती. रिकाम्या हातांनी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी तुला इचारत आलं तर काय सांगू रे? घरात न्हाय म्हणून सांगू?"

रागानं म्हणाली नाही. भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसं विचारलं. मी पडावात चढलो. पडाव सुटायच्या आधीच ती वळली आणि पाखाडीची दगडी वाट चढून गेली. बोटीवरून मी बघत राहिलो, इतरांच्या आया पदर हलवत होत्या, माझी नव्हती.

त्याला आता बारा वर्षं होतील. कराचीच्या गोदीत मी टॅली क्लार्क आहे. दिवसभर गोणी मोजतो, खलाशांशी अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या सिंधीत हुज्जत घालतो, संध्याकाळी ट्रामनं क्वार्टरवर येतो. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तेव्हा आपली मंडळी हळहळली, की आता आपण परमुलखात पडलो. मला काही वाटलं नाही. मी बोटीत पाय ठेवला त्या दिवसापासूनच परमुलखात होतो.

हे सगळं लिहायचं कारण इथल्या आपल्या गावकरी मंडळाचं परिपत्रक. सेक्रेटरी चिंतोपंतांच्या सुंदर अक्षरातलं. मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून एक अंक काढायचाय, गावच्या गाण्याबजावण्याच्या गोड आठवणी प्रत्येकानं लिहाव्यात. माझ्या नावापुढे खास शेरा मारलाय: "गजाननराव, तुम्ही त्या सप्त्यातल्या दुपारच्या गाण्यावर लिहा. तसं गाणं गावात पुन्हा झालं नाही." खाली आणखी एक ओळ: मिरजेहून वीणा मागवली आहे, येत्या श्रावणात कराचीत आपला सप्ता सुरू करू, पहिला पहारा तुमचा.

वा, चिंतोपंत! लिहितो की. पण गोड निघेल याची हमी नाही. छापायचं धाडस असेल तर छापा, नसेल तर बंबात घाला.

आधी तुमच्या गोड आठवणी घेऊ. दर रविवारी मंडळाच्या खोलीत त्याच तर उगाळता तुम्ही. गाव एवढंसं, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. पण गाण्याला कमी नाही. देवळात सकाळची सनई. मोहरमात हसनमियांचा ताशा, आणि तोच ताशा शिमग्यात आपल्या पालखीपुढे. खोतांच्या ओटीवर भोंगेवाला फोनो आला तेव्हा आपले म्हातारे त्याच्यासमोर हात जोडून बसले होते. आणि भजनं. वरच्या पाखाडीचं, म्हणजे वरच्या आळीचं एक, खालच्या पाखाडीचं आपलं एक. वरच्यांचा पखवाज जुना, आपला नवा. आपल्याकडे मुंबईहून आणलेली पेटी, त्यांच्याकडे पेटी नाही, पण त्यांच्याकडे दामू. हे सगळं खरं आहे. मीसुद्धा हे आठवून आठवून इथल्या उन्हाळ्यात झोप आणलीय. दुरून डोंगर साजरे, आणि कराची तर फारच दूर.

आता दामू कोण, ते तुम्हाला सांगायला नको, पण अंक मुंबईची नवी पोरंही वाचतील. दामू वरच्या पाखाडीतला, खाडीवरची तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवणारा. लोकांना पलीकडच्या बंदरात नेऊन सोडायचा, आणायचा. पावसाळ्यात खाडीच्या ओढीला होडी घालणारा तो एकटा, कारण गाळ कुठे चढलाय आणि वाट कुठे आहे ते दरवर्षी बदलायचं आणि ते फक्त त्याला ठाऊक असायचं. गळा असा, की वल्ही मारताना गायला लागला तर पलीकडच्या काठाला माणसं थांबून ऐकत. आणि तो माझा मेहुणा. माझी सख्खी थोरली बहीण यमूताई त्याला दिलेली.

मेहुण्याची थट्टा करायची नाही तर कुणाची? आपल्याकडे तो हक्कच आहे. त्याच्या चपला लपव, पानात चुना जास्त घाल, पंगतीत मिरचीचा लाडू कर. भाऊजी हसायचे. ताई लटकं रागवायची, "माझ्या माणसाला छळू नकोस हां." मला मात्र आतून एक गोष्ट टोचायची. सगळं गाव म्हणायचं, गजू चांगला गातो. आणि लगेच पुढे म्हणायचं, पण दामू तो दामू.

सप्त्याची रीतही नव्या पोरांसाठी सांगतो. सात दिवस, रात्रंदिवस, देवळात भजन थांबायचं नाही. एकजण गळ्यात वीणा घालून उभा, भोवती टाळकरी. वीणा सात दिवस जमिनीला लागता कामा नये. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देताना दोघांनी एकच ओळ बरोबर म्हणायची आणि मग पहिल्यानं सोडायची, म्हणजे गाणं तुटत नाही. आणि वीणा घेणारा माणूस सात दिवस उपास धरलेला हवा, अन्न खाल्लेल्याचं ते काम नाही. आमच्या वडिलांनी मला पहिल्यांदा वीणा दिली तेव्हा कानात सांगितलं होतं, "घर जळत असलं तरी वीणा खाली ठेवायची नसते." जुन्या लोकांचा समज, की सप्ता मोडला तर गावावर पटकीची साथ येते. आजोबांच्या वेळी एकदा मोडला होता म्हणे, आणि त्या वर्षी घराघरांतून माणूस गेलं होतं.

त्या वर्षी उपास धरणारे चौघंच होते. वरच्या पाखाडीतून दामू आणि म्हातारे नाना. खालच्या पाखाडीतून मी आणि चिंतू. होय, चिंतोपंत, तेव्हा तुम्ही चिंतू होता, पखवाज वाजवायचा आणि भूक तुम्हाला सोसत नसे.

तिसऱ्या दिवशी नानांना हिवताप भरला. पहाटेपासून दामू उभा होता. बारा वाजता पहारा बदलायचा आणि वीणा माझ्याकडे यायची. सकाळी न्हाऊन मी आणि चिंतू आमच्या माळ्यावर पेटी घेऊन बसलो. मी एक नवी चाल बांधली होती, ती घोटत होतो. चिंतूनं युक्ती काढली. म्हणाला, "आपण बाराला गेलोच नाही तर? दीड-दोनला जाऊ. पहाटेपासून गातोय, गळा बसेल बघ. गावासमोर बसेल. मग तू उभा राहायचं, ताजा गळा, नवी चाल." मला ती युक्ती अशी आवडली, की मी त्याच्या पाठीत थाप मारली. तुमची युक्ती म्हणून सुटायला बघत नाही, चिंतोपंत. थाप माझीच होती.

मी माळ्यावरून खाली डोकावून आईला म्हटलं, "कुणी वीणा घ्यायला बोलवायला आलं तर सांग, गजू घरात नाही. आज भाऊजींची जिरवायचीय." आई भात वेळत होती, ती हसली. जावयाची गंमत म्हटल्यावर कुठल्या सासूला हसू येत नाही? म्हणाली, "तुमचं चालू दे बाबांनो, माझ्या जावयाला रडवू नका म्हणजे झालं."

बाराच्या जरा आधी काशीकाकू आली. ही दामूची चुलती, ताईच्या घराशेजारी राहणारी. ओट्यावरूनच म्हणाली, "गजूला जरा धाडून दे गो देवळात. दामू वाट बघताय." आईनं आवाजात हसू दाबून सांगितलं, "गजू घरात न्हाय गो." काकू क्षणभर उभी राहिली. तिच्या पावलांवरून कळत होतं की ती उभी आहे. मग गेली. माळ्यावर आम्ही दोघं तोंडात उपरणं कोंबून हसत होतो.

काकूनं का बोलावलंय ते सांगितलं नाही. सांगणार नव्हतीच. आपल्याकडे बाई अडली की बोभाटा करायचा नाही. जितक्या कानांना कळेल तितक्या कळा लांबतात, आणि माहेरी तर सुटका झाल्याशिवाय कळवायचंच नाही, आईचा जीव घाबरतो तो लेकीला लागतो. ताईचं तिसरं बाळंतपण, सासरीच होतं. पहाटेपासून ती अडली होती. मूल आडवं आलं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. पलीकडच्या बंदरात सरकारी दवाखाना होता, डॉक्टर होता. खाडीला भरती त्या दिवशी भर दुपारची. पाणी टिपेला असताना होडी निघाली तर तासाभरात पलीकडे. ओहोटी लागली तर मधल्या गाळावर बसणार. आणि होडी नेणारा एकटा दामू, त्याच्या गळ्यात वीणा; ती घेणारे नाना तापात आणि आम्ही दोघं माळ्यावर.

काकू देवळात गेली, टाळकऱ्यांच्या मधून वाट काढून दामूच्या कानाशी लागली. तो गातच होता. वरचा षड्ज घेऊन तिथं थांबायचं होतं, आणि गळा फाटला.

आमचं घर देवळापासून हाकेवर. माळ्यावर आम्हाला ते स्पष्ट ऐकू आलं. चिंतूनं मांडीवर थाप मारली. "बसला! तुझ्या मेहुण्याचा गळा बसला!" आम्ही टाळ्या दिल्या एकमेकांना. मला हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तासभर तो फाटक्या गळ्यानं गात होता आणि दर वेळी आवाज चिरला की आम्ही एकमेकांना ढोसत होतो. माझ्या आयुष्यात तेवढा आनंदाचा तास दुसरा नाही. खोटं कशाला सांगू?

काकू पुन्हा आली. या वेळी धापा टाकत. "आला का गो गजू?" आई आता जरा वैतागली होती, गंमत लांबली की माणूस वैतागतं. "न्हाय म्हटलं ना गो! घरात न्हाय तो. दामूला म्हणावं, जरा धीर धर, जावईबुवांना येवढी कसली घाई!"

एवढं बोलून तिनं चिंतूला वर वाटीभर पोहे दिले. सांगितलं होतं ना, भूक सोसत नसे. त्यानं ते खाल्ले. मी बघितलं आणि काही बोललो नाही. म्हटलं, पहारा माझा आहे, याला काय वीणा घ्यायचीय?

पावणेदोन वाजता आम्ही निघालो. मी धुतलेलं धोतर नेसलो होतो, शेजारच्या एका पोराच्या डोक्यावर पेटी दिली होती, वाटेत दोघांना नमस्कारही केला. देवळात पाऊल टाकलं आणि दामूनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल मी लिहिणार नाही. मी पुढे झालो, मान वाकवली, त्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली. रीत अशी की दोघांनी एक ओळ बरोबर म्हणायची. मी रामकृष्णहरी उचललं. तो माझ्या कानाशी तोंड आणून, त्याच चालीत, गाणं न मोडता म्हणाला, "यमू अडलीय, पाणी उतरलं."

त्यांच्या पाखाडीचे दोघं टाळकरी पेंगुळलेले होते. त्यांना वाटलं नवीन ओळ आहे. त्यांनी ती सवयीनं मागून म्हटली. "यमू अडलीय, पाणी उतरलं." टाळासकट. दामू तोवर दारातून बाहेर पळालेला होता.

आता इथून पुढे गोड आठवण सुरू होते, चिंतोपंत.

मला समजलं. पहिल्या घटकेलाच सगळं समजलं, काकू का आली होती, गळा का फाटला होता. मी चिंतूकडे बघितलं, डोळ्यांनी म्हटलं, घे ही. तो पखवाजावरून वाकला आणि कानात म्हणाला, "माझा उपास मोडलाय रे, पोहे खाल्लेत." आणि कणीक थापून पखवाज लावायला लागला. वीणा खाली ठेवली असती तर? देवळातल्या दगडी फरशीवर, माझ्या पायाशी, चार बोटांचं अंतर. आजोबांच्या वेळची पटकी आठवली, वडील आठवले. घर जळत असलं तरी. मी उभा राहिलो आणि गायला लागलो.

आपल्या देवळाचा सभामंडप खाडीच्या बाजूला उघडा आहे. मला सगळं दिसत होतं. ताईला झोळीत घालून आणलं, होडीत ठेवलं, वरून इरलं धरलं. दामू वल्ही मारत होता. पाऊस उभा कोसळत होता, आणि होडी निम्म्या खाडीत गेली आणि थांबली. दामू खाली उतरला, कमरेइतक्या गाळात, आणि खांदा लावून ढकलायला लागला. होडी हलली नाही. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून चाललं होतं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, इथं झोपाही धड नव्हता.

मी गात होतो. पहिला अर्धा तास भीतीनं गात होतो, थांबलो तर काय होईल म्हणून. आणि मग, लक्ष देऊन वाचा, कारण बारा वर्षांत हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मग गाणं लागलं. ती नवी चाल अशी बसली, सूर असा मोकळा झाला, की मलाच आपला आवाज ओळखू येईना. पावसातून माणसं येऊन उभी राहायला लागली. वरच्या पाखाडीचीसुद्धा. हसनमिया बाहेर पायरीवर बसून रडत होते. "दामू तो दामू" म्हणणारं सगळं गाव माझ्यासमोर होतं. खाडीत इरल्याखाली माझी बहीण होती, मी तिच्याकडे बघत गात होतो, आणि मला ऐकणारी माणसंही दिसत होती. रीत, पटकी, वडील हे सगळं नंतर सांगायला बरं. मला वीणा खाली ठेवायची नव्हती, कारण गाणं रंगलं होतं.

चार वाजता नाना आले, ताप अंगात घेऊन, काठी टेकत. आम्ही ओळ बरोबर म्हटली, मी वीणा दिली आणि पळालो. काठापासून होडीपर्यंत लोकांनी गाळावर फळ्या टाकल्या होत्या. पाणी परत चढायला रात्र होणार होती. ताई घटकाभरापूर्वी गेली होती आणि मूल बाहेर आलंच नव्हतं. दामू होडीचा दोर हातात धरून गाळात बसला होता. कुठं जाणार होती ती होडी, पण दोर धरून बसला होता. त्यानं वर बघितलं.

"वीणा कुणाकडं दिलीस?"

"नानांकडे."

"बरं," म्हणाला. एवढंच. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही, कधीच त्यानं मला एक शब्द विचारला नाही. गालफडात मारली असती तर मी आज गावात राहिलो असतो.

सप्ता मोडला नाही. काल्याच्या दिवशी गावकऱ्यांनी ठराव करून दोन नारळ काढले, एक दामूच्या घरी आणि एक आमच्या. "अशा प्रसंगातही दोघांनी व्रत सोडलं नाही." पटकी आली नाही. गाव खूश होतं. माझ्या गाण्याची तारीफ करताना लोक आधी च्च करायचे, मग म्हणायचे, "पण काय गायलास रे!"

आईला दहाव्या दिवशी कळलं. काशीकाकू सांत्वनाला आली होती, रडता रडता बोलून गेली, "मी दोनदा आले होते गो तुझ्या दारी. पाणी तेव्हा टिपेला होतं." आई भिंतीला टेकून बसलेली होती, ती तशीच राहिली. काकूनं बोलून झाल्यावर जीभ चावली, पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? त्या दिवसापासून आईनं मला शिवी दिली नाही, जेवायला वाढलं, अंथरूण घातलं. फक्त दाराची कडी वाजली की जिथं असेल तिथून ओरडून सांगायची, "गजू घरात न्हाय!" मी तिच्यासमोर पानावर बसलेला असायचो. आलेलं माणूस मला बघायचं, तिला बघायचं आणि निघून जायचं. दोन महिने ते सोसलं आणि बोट सुरू झाल्यावर निघालो. गाव सोडायचं कारण म्हणून तुम्ही सगळे नोकरी सांगता. मीही नोकरीच सांगत आलो.

मुंबईत थांबलो नाही, तिथं गावची माणसं फार. कराची म्हणजे पुरेशी लांब. इथं उंटगाड्या बघितल्या, वर्षात दोन सरी पडतात तेवढाच पाऊस, ते बरं वाटलं. पल्ला मासा खायला शिकलो, "साईं" म्हणायला शिकलो, लग्न केलं ते बेळगावकडच्या मुलीशी, तिला आपलं गाव ठाऊक नाही. आणि चार वर्षांनी दारात तुम्ही उभे, चिंतोपंत, बदली होऊन आलेले. मला मिठी मारून म्हणालात, "गजू, अरे काय ते दिवस होते!" मला वाटलं सोंग करताय. नंतर कळलं, सोंग नाही. तुम्हाला खरंच तेवढंच आठवतं. पखवाज आठवतो, पाऊस आठवतो, माझी चाल तुम्ही अजून गुणगुणता. पोहे आठवत नाहीत. नशीबवान आहात हो! तुमचा मला राग येतो की हेवा वाटतो ते अजून ठरत नाही.

मंडळात दर रविवारी कुणीतरी म्हणतं, गजाननराव, होऊन जाऊ दे. मी म्हणतो गळा गेला. गळा गेलेला नाही. गोदीत कुणी नसताना एकदा गोणींच्या थप्पीमागे उभा राहून बघितलं. तसाच आहे, जराही बिघडलेला नाही.

गेल्या श्रावणात कार्ड आलं. गावाहून मला पत्र टाकणारा एकच माणूस आहे, दामू. आईकडे इतकी वर्षं तोच बघत होता, तिची वाडी शिंपत होता, तिचं दळण आणत होता. कार्डावर चार ओळी. "आई परवा गेल्या. त्रास झाला नाही. शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, पण दार वाजलं की म्हणायच्या, गजू घरात न्हाय. सप्ता नीट पार पडला. नाना गेल्यापासून तुझा पहारा मीच धरतो. माझ्यामागून लगेच माझाच, म्हणजे कुणाची वाट बघायला नको."

ते कार्ड मी बायकोकडून लपवलं. गोदीत नेलं, खिशात ठेवून दिवसभर गोणी मोजल्या आणि दोनदा मोजणी चुकली. म्हातारी मरेपर्यंत तेच वाक्य म्हणत होती. पहिल्या दोनदा ते खोटं होतं. नंतरची बारा वर्षं ते खरं करायचं काम मी केलं.

तेव्हा चिंतोपंत, तुमच्या वीणेचं. मी येणार आहे. पहिला पहारा मी घेणार आहे, उपासही धरणार आहे. तुम्ही सगळे टाळ घेऊन उभे राहाल, मुंबईहून पाहुणे येतील, तुमचा पखवाज लागेल. मी एक ओळ म्हणेन. मग गळ्यातून वीणा काढून जमिनीवर ठेवीन, तुमच्या सगळ्यांसमोर. टाळकऱ्यांनी मागून काय म्हणायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. गावावर पटकी आली तर येऊ दे, गाव इथं नाहीच. आणि हे दामूला कळवायची जबाबदारी तुमची. म्हणावं, गजूनं ठेवली. उशीर झाला, पण ठेवली.

घर म्हणजे काय, असा शेवटी एक परिच्छेद प्रत्येकानं लिहावा असं तुमच्या परिपत्रकात आहे. लांबण लावत नाही. माझ्या क्वार्टरला एक दार आहे, त्याला कडी आहे. लग्न झालं त्या आठवड्यात बायकोला एकच शिस्त लावली. कुणीही येऊ दे, दुपारी जेवताना, आजारात, गोदीतला पठाण असो की भीक मागणारा, मी घरात असलो तर आहे म्हणून सांगायचं. तिला वाटतं मी माणसांचा मोठा लोभी आहे. मुलांनाही तेच शिकवलंय. परवा धाकटा दाराशी गेला, कडी काढली आणि तुमच्या शिपायाला मोठ्यानं म्हणाला, "बाबा घरात आहेत." मी आतल्या खोलीत होतो. मला उठता येईना. शिपाई परिपत्रक उंबऱ्यावर ठेवून गेला, आणि मी तिथंच बसून राहिलो, घरात.